नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत टाटांची नव्हतीच

काल रात्री साताऱ्याहून आत्याचा फोन. "अरे, आपल्या टॅक्सचे सोळाशे कोटी टाटांना दिले म्हणे? मी पण टाकलंय शाळेच्या ग्रुपवर." आयुष्यभर गणित शिकवलेली बाई, आणि तिच्याही गळी हे उतरलं, म्हणून लिहितोय.

मेसेज म्हणतो, एअर इंडियाबरोबर नरिमन पॉइंटची २३ मजली इमारत टाटांना फुकट मिळाली आणि राज्य सरकारने कार्यालयांसाठी तीच त्यांच्याकडून १,६०१ कोटींना घेतली.

साफ खोटं. टाटांकडे ही इमारत एक दिवसही नव्हती. ८ ऑक्टोबर २०२१ ला एअर इंडिया विकत घेण्याची टाटांची बोली मंजूर झाल्याचं केंद्राने जाहीर केलं, ते पत्रक उघडून बघा. जमिनी-इमारती धरून १४,७१८ कोटींची मालमत्ता व्यवहारातून वगळली आहे, ती एअर इंडिया अ‍ॅसेट्स होल्डिंग या कंपनीकडे जाईल, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ही कंपनी केंद्र सरकारची. टाटांनी १५,३०० कोटींचं कर्ज उचललं. उरलेलं ४६,२६२ कोटींचं याच कंपनीच्या माथी आलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली ती या कंपनीची इमारत राज्याला देण्याला. यात टाटा आले कुठून?

"जमीन तर राज्याचीच होती." हो, होती. भाडेपट्ट्याने दिलेली. इमारत मात्र एअर इंडियाची, म्हणून तिचे पैसे मोजावे लागले. वर अनर्जित उत्पन्न (सरकारी जमिनीचं हस्तांतर होताना तिच्या वाढलेल्या किमतीतला सरकारचा वाटा) आणि व्याजाचे २९८.४२ कोटी राज्याने सोडून दिले. ते का सोडले, एवढंच मेसेजमध्ये विचारलं असतं तर मीही तो पुढे पाठवला असता.

"मंत्रालय असताना आणखी इमारत कशाला?" २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, खाती विखुरली. पाणीपुरवठा विभागाच्या शासन निर्णयांवरचा पत्ता वाचा: सातवा मजला, गो. ते. (गोकुळदास तेजपाल) रुग्णालय संकुल इमारत. म्हणजे मंत्रालयाबाहेर. गावाकडचा माणूस मंत्रालयाच्या दारात पास काढतो आणि मग त्याला कळतं की आपलं खातं इथे नाहीच.

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटाने इमारत खिळखिळी झाली म्हणे. त्यानंतर वीस वर्षं एअर इंडियाचं मुख्यालय तिथेच होतं.

आत्याचा मेसेज आता सगळ्यांसाठी डिलीट होत नव्हता. तिने त्याखाली लिहिलं, "वरचं चुकीचं आहे, मी न तपासता पाठवलं."