डावीकडे दरी आहे म्हणे

पुण्याहून साडू सहकुटुंब आले की बेळगावकराला दोन कामं लागतात: कुंदा खाऊ घालायचा आणि आमच्याकडेही निसर्ग आहे हे पटवून द्यायचं. कुंदा पहिल्याच संध्याकाळी संपला. निसर्गासाठी मी जांबोटी-चोर्ल्याची गाईडसह एक दिवसाची सहल ठरवली. भर जुलैत. ही कल्पना माझीच होती, असं बायकोने दिवसभरात चार वेळा सगळ्यांना सांगितलं, म्हणून इथेही नोंदवून ठेवतो.

पिरनवाडीपर्यंत झिमझिम होती. किणये मागे पडलं आणि आभाळच खाली उतरलं. ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने जुन्या पेपराच्या बोळ्याने काच आतून पुसत होता. जांबोटी येईतो बोळ्याचा लगदा झाला, मग त्याने खिशातला रुमाल काढला, मग शेजारच्या माणसाचा मागितला.

गाईड पन्नाशीचे काका. गाडीत अकरा माणसं, तरी हातात माईक. कुसमळीच्या पुलावर म्हणाले, "पाव्हणं, ही मलप्रभा बघा. कणकुंबीत उगम, आणि पार कुडलसंगमाला जाऊन कृष्णेला मिळते." आम्ही काचेला नाकं लावली. पुलाचा कठडा दिसला.

"धुकं आमच्या ताम्हिणीतही असतं," साडू म्हणाले. मी गप्प.

कणकुंबीला काका रंगात आले. इथलं पाणी मलप्रभेतून पूर्वेला जातं, पलीकडचं म्हादईतून गोव्याकडे पश्चिमेला. कर्नाटक आणि गोवा या म्हादईसाठी वर्षानुवर्षं भांडतायत. लवादाने २०१८ साली कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, पाणी दिलं. त्यातला बराचसा वाटा त्याच वेळी खिडकीच्या रबरातून माझ्या डाव्या मांडीवर वळवला जात होता. टीएमसीत किती ते सांगता येणार नाही, पण पँट पिळावी लागली.

पुढे घाट. "डाव्या हाताला खोल दरी! उजव्या हाताला डोंगर!" दोन्हीकडे सारखंच पांढरं, धुतलेलं धोतर वाळत घातल्यासारखं. "त्या अंगाला सुर्ल्याचा धबधबा," काका म्हणाले.

"कुठं काय दिसतंय वो?" मागून एक मावशी ओरडल्या.

"आवाज येऊ लागलाय की वो, ऐका!"

आवाज खरंच येत होता. तो आमच्या भाच्याचा निघाला. पिशवी वेळेवर मिळाली नाही.

त्यानंतर गाडीत लिंबू फिरलं, आल्याच्या वड्या फिरल्या, आणि मेव्हणीने माझ्याकडे असं बघितलं की वळणं मीच काढली असावीत.

एका वळणावर गाडी कचकन थांबली. धुक्यातून हळूहळू शिंगं आली, मग पाणी निथळणारं तोंड, मग बाकीची म्हैस. रस्त्याच्या मधोमध रवंथ करत उभी. सकाळपासून दिसलेली ही पहिलीच गोष्ट. काकांनी सवयीने माईक तोंडाशी नेला, क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "ही म्हैस."

अकराही मोबाईल बाहेर आले. म्हैस पाच मिनिटं हलली नाही, आणि आम्हालाही घाई नव्हती.

रात्री घरी साडूंनी फोटो दाखवले. पांढरा, पांढरा, पांढऱ्यात काकांचं बोट, पुन्हा पांढरा, आणि म्हशीचे चौदा. एक फोटो बोटांनी मोठा करून ते बराच वेळ बघत राहिले.

"ताम्हिणीत," शेवटी म्हणाले, "अशी नाही हं."