टीएसएच ६ आला म्हणजे लगेच गोळी? जरा थांबा

फॅमिली ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय, टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला एक आकडा) ४.५ च्या वर गेला की थायरॉईड झालाच, आजच गोळी चालू करा, ती जन्मभर सुटत नाही. अर्धवट माहितीये ही. (आणि "थायरॉईड झालाय" पण गंमतच, ती ग्रंथी सगळ्यांच्याच गळ्यात असते.)

आमच्या आत्याचा ६.८ आला, बाजूला ठळक एच, म्हणजे हाय, रात्रभर झोप नाही तिला. पण खालच्याच ओळीत फ्री टी-४ (थायरॉईड स्वतः बनवते ते हार्मोन) एकदम नॉर्मल होता, तो कुणी वाचलाच नाही. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉईडला मारलेली हाक, टी-४ नीट आहे म्हणजे काम होतंय, फक्त हाक जरा मोठ्याने मारावी लागतेय. अशावेळी डॉक्टर बहुतेकदा दोन-तीन महिन्यांनी टेस्ट परत करायला सांगतात, सोबत अँटी टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीजची टेस्ट), कारण आजारपणानंतर वगैरे टीएसएच तात्पुरता वाढतो आणि बऱ्याच जणांचा आपोआप खाली येतो. सत्तरीनंतर तर थोडा जास्त असला तरी सहसा चालतो. आणि हो, केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबवाल्याला आधी सांगा, रिपोर्ट चुकू शकतो.

टेस्ट परत केल्यावरही टीएसएच १० च्या वर किंवा टी-४ कमी, मग मात्र गोळी बहुतेक लागतेच. प्रेग्नन्सीत किंवा चान्स घेत असाल तर हिशोबच वेगळा, तिथे वाट बघू नका. चालू असलेली गोळीही हे वाचून मनाने बंद करू नका प्लीज.

आत्याचा तीन महिन्यांनी ४.१ आला, गोळी नाही.