घरी वळण लावत नाही का?

आज भाच्याच्या शाळेत पालकसभा होती. भाऊ-भावजयीसोबत मीही गेले. शाळेचं नाव लिहीत नाही. जळगावपासून नंदुरबारपर्यंत कुठल्याही शाळेत हे वाक्य ऐकू येईल. तीस-पस्तीस पालकांदेखत बाई भावजयीला म्हणाल्या, "हा एका जागी बसत नाही, वही कधीच पूर्ण नसते, मध्येच उठून खिडकीशी जातो. घरी वळण लावत नाही का? मोबाईल देऊन देत असाल." भावजय मान खाली घालून ओढणीच्या टोकाला गाठ मारत बसली. भाऊ शेजारीच बसला होता. त्याला कोणी काही विचारलं नाही.

घरी आल्यापासून जिवाचा नुसता संताप होतोय.

कारण हाच भाऊ तिसरीत असताना गुरुजींनी त्याचा पाय सुतळीनं टेबलाला बांधला होता. आमचं गाव अमळनेरकडचं. मधल्या सुट्टीपर्यंत पोरगं तसंच बसलं. घरी आला तेव्हा घोट्यावर लालबुंद वळ. माय चुलीपाशी बसून त्या वळावर खोबरेल तेल चोळत होती आणि आजी मागून म्हणत होती, "तूच लाडानं बिघडवलं." संध्याकाळी मीठ-मिरच्या ओवाळल्या. पुढच्या अमावास्येला शेजारच्या गावच्या भगताकडे नेऊन गंडा बांधला. माय सगळ्यांना एकच सांगायची, "मना पोऱ्या येडा नही शे." तिचं कोणी ऐकलं नाही.

माय खरं बोलत होती. या त्रासाला एडीएचडी म्हणतात, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि अंगातली चळवळ आवरत नाही, आणि हे काही परवा निघालेलं फॅड नाही. १९०२ साली जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञानं लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. बुद्धी शाबूत, पण स्वतःला आवरता येत नाही, अशी मुलं. मेंदूचा पुढचा भाग "थांब, आधी ऐक, मग कर" हे काम बघतो, आणि या मुलांमध्ये तोच उशिरा पक्व होतो. जुळ्यांच्या अभ्यासातून दिसतं की मुलामुलांमधल्या या फरकात अनुवंशाचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के आहे. म्हणजे उंचीसारखंच, बापाकडून किंवा आईकडून आलेलं. मग त्या वर्गात बाईंनी मान वळवून बापाकडे का नाही बघितलं? बाप बाकावर, पोरगं दारात, पण दोघंही एकाच तालात पाय हलवत होते!

आणखीही कारणं असतात. भाचा साडेसातव्या महिन्यात झाला, वजन एक किलो सातशे. सतरा दिवस काचेच्या पेटीत होता आणि भावजय बाहेरच्या बाकड्यावर. वेळेआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या मुलांना हा धोका जास्त असतो. पोटुशी असताना बाईच्या पोटात तंबाखू, मिसरी किंवा दारू गेली तरी धोका वाढतो असं दिसतं. (आपल्याकडे मिसरीला कोणी व्यसनच मानत नाही. मायबहिणींनो, सोडा ती.) आणि शिसं. पेट्रोलमधलं शिसं आपल्या देशात २००० साली बंद झालं, पण जुन्या रंगाचे पोपडे, भंगारात फोडलेल्या बॅटऱ्या, काही सुरम्यांमधलं शिसं अजून आहेच. लहान मुलांच्या मेंदूला त्याची थोडी मात्राही वाईट.

या सगळ्यात आईचे लाड कुठेच येत नाहीत. साखरही नाही. कानबाईच्या रोटांना (हा आमचा खान्देशातला सण) पोरं पुरणपोळ्या खाऊन धिंगाणा घालतात ते घरभर पाहुणे असतात म्हणून. गोडानं मूल चेकाळतं का, हे नव्वदच्या दशकातच तपासून झालंय. तसं काही निघालं नाही.

मोबाईलचं म्हणाल तर हो, मान्य. रात्री अकरापर्यंत रील बघणारं पोर सकाळी वर्गात पेंगणार किंवा उधळणार, आणि ज्याला आधीच हा त्रास आहे त्याचा तो वाढणार. आमच्या घरीही ते चुकतंय. पण भाऊ तिसरीत होता तेव्हा गावात एक टीव्ही होता, तोही सरपंचांकडे. त्याच्या पायाला सुतळी कोणत्या मोबाईलमुळे बांधली?

बाईंचंही थोडं समजतं मला. एका वर्गात साठ पोरं, वर निवडणुकीची कामं, वर माहिती भरा. कोणाकोणाकडे बघणार? तरी शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्यात मारायलाही बंदी आहे आणि मानसिक छळालाही. चारचौघांत पोराच्या आईची मान खाली घालायला लावणं, आणि पोरगं दारातून बघतंय, हे दुसरं काय आहे? साने गुरुजी ज्या अमळनेरच्या शाळेत शिकवत होते, वसतिगृहातली पोरं सांभाळत होते, त्या मुलखातले आपण.

आता थोडं शांतपणे लिहिते, कारण इनबॉक्समध्ये दोघी मैत्रिणींनी आपापल्या पोरांचं विचारलंय. प्रत्येक चळवळ्या पोराला हे नसतं. बारा वर्षांच्या आधीपासून लक्षणं हवीत, सहा महिने तरी टिकलेली हवीत, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत आणि त्यानं पोराचं अडायला हवं. आधी कान, डोळे, झोप, रक्त तपासा. ऐकू कमी येणारं मूलही "लक्ष देत नाही" म्हणून मार खातं. आणि पोरींकडे बघा. त्या उड्या मारत नाहीत, खिडकीबाहेर बघत गप्प बसतात, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या ध्यानात येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येते ना, त्यांच्या तपासण्यांच्या यादीत हा त्रास आहे. त्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. औषधं असतात, त्यांनी पुष्कळ मुलांना फरक पडतो. प्रत्येकाला गोळीच लागते असंही नाही, ते डॉक्टर ठरवतील.

भाऊ आता मोटार वाइंडिंग करतो. उन्हाळ्यात केळीवाल्यांच्या विहिरी-बोअरमधल्या जळालेल्या सबमर्सिबल मोटारी त्याच्याकडे रांगेनं पडलेल्या असतात. स्टेटरच्या खाचांत तांब्याची तार भरताना तीन-तीन तास मान वर करत नाही, एक वेढा चुकत नाही. आणि तोच माणूस विजेचं बिल भरायला निघतो आणि चहा पिऊन परत येतो. जे हाताला धरून ठेवतं तिथे तो घट्ट बसतो, बाकी ठिकाणी मन निसटतं. हे एवढंसं कोणी तिसरीत ओळखलं असतं तर तो दहावीत दोनदा नापास झाला नसता. "मीच ढ आहे" हे त्याच्या डोक्यात इतकं बसलंय की आजही बँकेत फॉर्म भरायला बायकोला पुढे करतो.

आज शाळेतून निघताना तो काही बोलला नाही. गाडीची किल्ली वर्गातच विसरला, परत जाऊन आणली. मग गेटपाशी पोराच्या बुटाची लेस बांधायला खाली वाकला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. त्याचा हात पोराच्या घोट्यावर होता.

गुरुवारी आम्ही जिल्हा रुग्णालयात जातोय. भाऊ दुकान बंद ठेवणार आहे. मायला फोन केला तर म्हणाली, मीपण येते, डॉक्टरसाहेबांना मला सुतळीचं सांगायचंय.