काळी एकचा पंखा

आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीखालच्या कपाटात एक छोटा संगणक बसवलेला आहे. घरातले सिनेमे, लग्नांची चित्रफीत, बाबांनी कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या जुन्या मैफिली आणि आईची कीर्तने एकाच जागी सापडावीत, एवढ्याच सद्हेतूने मी तो स्वतः जोडला होता. त्याचा मदरबोर्ड जेमतेम 17 सेंटीमीटर लांबीरुंदीचा आणि पेटी शिवणाच्या डब्याएवढी होती. सर्व काही पहिल्याच दिवशी चालू झाले, याचा मला रास्त अभिमानही वाटला. अडचण एकच होती, की तो चालू असल्याचे सर्वांना कळत असे. मारामारीच्या प्रसंगात त्याचा काही त्रास नसे. मात्र पडद्यावर दोन माणसे एकमेकांकडे नुसती पाहत उभी राहिली, की त्यांच्या वतीने आमचा पंखा बोलू लागे.

आईने त्याला पहिल्याच आठवड्यात ‘गिरणी’ असे नाव ठेवले. पत्नीने आवाज वाढवण्याचा साधा उपाय शोधला आणि रिमोट माझ्या हाती देणे बंद केले. बाबांनी मात्र तक्रार केली नाही. त्यांनी आयुष्यभर नोकरी सांभाळून हौसेने पेटीची साथ केली आहे, आणि कोणताही आवाज त्यांना आधी सूर म्हणून ऐकू येतो, कटकट म्हणून नंतर. एका रात्री मैफिलीतल्या आलापाच्या ऐन मध्यावर ते म्हणाले, “अरे, तुझा पंखा काळी एकच्या तार षड्जावर लागलाय. पण किंचित चढा आहे.”

मी हसलो, आणि मग झोप येईना म्हणून हिशेब केला. प्रोसेसरवरच्या त्या छोट्या पंख्याला सात पाती होती आणि तो मिनिटाला सुमारे 2400 फेऱ्या घेत होता, म्हणजे सेकंदाला 40. प्रत्येक पाते हवेला एक धक्का देते, म्हणून सेकंदाला चाळीस गुणिले सात धक्के, म्हणजे 280 हर्ट्‌झ. काळी एक म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी; तिला सा मानले, की वरच्या सप्तकातला सा, म्हणजे तार षड्ज, 277 हर्ट्‌झच्या आसपास येतो. म्हणजे पंखा काळी एकमध्ये होता, आणि किंचित चढाही होता. त्या रात्री माझ्या असे लक्षात आले, की आपल्या घरात संगणकाचे मोजमाप करणारे एक उपकरण आधीपासूनच आहे आणि ते रोज संध्याकाळी चार वाजता चहा मागते.

पहिला उपाय मी कोणत्याही शहाण्या माणसाप्रमाणे केला, म्हणजे कपाटाचे काचेचे दार लावून घेतले. पहिली दहा मिनिटे स्वर्गीय शांततेत गेली. त्यानंतर पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढायला सुरुवात केली, प्रोसेसरचे तापमान 90 अंशांच्या पलीकडे गेले आणि सिनेमा अडखळू लागला, कारण जिवावर बेतल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग आपण होऊन कमी करतो. दार उघडले तेव्हा आतून भट्टीसारखी वाफ आली आणि पंखा अतितार सप्तकात होता.

मग मी वाचायला बसलो, आणि इथेच माणूस फसतो. शांततेच्या या पंथात एक कडवा संप्रदाय असा आहे, ज्याला पंखाच मान्य नाही. त्यांची पेटी म्हणजे अॅल्युमिनियमचा पन्हाळीदार ठोकळा असतो. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळ्यांमधून थेट पेटीच्या भिंतीपर्यंत नेतात आणि पुढचे काम खोलीतल्या हवेवर सोपवतात. ती छायाचित्रे पाहून मी आठवडाभर भारावलेला होतो. परंतु प्रोसेसरची उष्णता काढून घेणारा शीतक कितीही उत्तम घेतला, तरी तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, त्याच्या वर किती अंश राहायचे एवढेच ठरवतो. जानेवारीतल्या पुण्यात हा हिशेब सुखाचा वाटतो. मे महिन्यात आमच्या पश्चिमेकडच्या खोलीत दुपारी 37 अंश असताना, बंद कपाटात, वारा नसताना, तो ठोकळा पापड भाजण्याच्या कामी आला असता. ज्या खोलीत माणसांना पंख्याशिवाय बसवत नाही, तिथे यंत्राकडून तपश्चर्येची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटले.

पंखा राहणार हे ठरल्यावर प्रश्न उरला तो कोणता, आणि इथे डेसिबलच्या आकड्यांनी माझे डोके उठवले. एका खोक्यावर 19, दुसऱ्यावर 22, आणि दोन्ही आकडे उत्पादकांनी आपापल्या शांत प्रयोगशाळेत मोजलेले. आमच्या गॅलरीखाली रिक्षाथांबा आहे, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नाही. शेवटी मी आकडे सोडले आणि तत्त्व धरले. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. त्याच पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या, तर हवाही निम्मी होते, पण आवाज ढोबळमानाने 15 डेसिबलने उतरतो, आणि 10 डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. इतका फायद्याचा सौदा मला आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. मी बसका शीतक, त्यावर 120 मिलिमीटरचा सात पात्यांचा पंखा, आणि तो मावेल अशी थोडी रुंद पेटी मागवली. पंखा नोक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा होता. तिचे पंखे नावाजलेले आहेत आणि त्यांचा ठरलेला रंग फिक्कट पिवळसर आणि तपकिरी असतो. पत्नीने खोके उघडून पाहिले आणि चहात बिस्कीट पडल्यावर असाच रंग येतो, एवढेच मत नोंदवले.

कपाटाच्या मागच्या प्लायवूडला गरम हवेसाठी भोक पाडायचे म्हणून सुतार बोलावला. “वायर काढायचीय का?” त्याने विचारले. हवा काढायची आहे, असे मी सांगितल्यावर त्याने माझ्याकडे, मग आईकडे पाहिले. आईने मान डोलावली, तेव्हाच त्याने ड्रिल हातात घेतले. भोकाचा व्यास वितीएवढा हवा म्हटल्यावर त्याने पुन्हा एकदा आईची परवानगी घेतली.

नवा पंखा 1200 फेऱ्यांवर फिरू लागला. बाबांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “बरोबर एक सप्तक उतरला.” साहजिकच होते, फेऱ्या निम्म्या झाल्या होत्या. पण आता नवा छळ सुरू झाला. प्रोसेसरचे तापमान क्षणाक्षणाला उड्या मारते आणि पंखा आज्ञाधारकपणे प्रत्येक उडीमागे धावतो. कपाटात कोणीतरी सतत उसासे टाकत आहे, असे वाटू लागले. एकसारखा आवाज कान विसरतो, चढउतार विसरत नाही. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर, तापमान आणि फेऱ्या यांचा आलेख असतो. कारखान्यातून तो भित्र्या माणसाने आखल्यासारखा येतो, 40 अंशांना घाबरून पळणारा. मी तो 60 अंशांपर्यंत सपाट केला, पंख्याने निर्णय घेण्यापूर्वी काही सेकंद थांबावे अशी सोय केली, आणि शिवाय सिनेमा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद पडलेले होते, ते चालू केले. चित्र उलगडण्याचे जे काम प्रोसेसरचे चारही गाभे घाम गाळून करत होते, ते त्याच प्रोसेसरच्या एका कोपऱ्यातली खास मंडले विनासायास करू लागली. पंखा 600 फेऱ्यांवर स्थिरावला. शीतक घेण्यापूर्वी ही एक खूण केली असती, तर कदाचित सुतार आलाच नसता, हा विचार मी घरात कोणापाशी बोललेलो नाही.

“आता खर्जात गेला,” बाबा म्हणाले, “पण अरे, त्याच्यामागे कुणीतरी बेसूर गातंय.”

तो गुन्हेगार शोधायला दोन रात्री लागल्या. पंखा बोटाने थांबवला तरी आवाज थांबेना. बाबांनी बाजाची पेटी काढली, काळी पाच दाबली, मग पांढरी सात दाबली, आणि सूर या दोघींच्या फटीत आहे असा निकाल दिला. फटीतला सूर म्हणजे 120 हर्ट्‌झ. 7200 फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला 120 वेळा फिरते, आणि तिची थरथर स्क्रूमधून पेटीत, पेटीतून कपाटाच्या फळीत उतरत होती. आमचे सागवानी कपाट तिचा तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा उपयोग करत होते. यावर शौकीन मंडळींचा एक जुना उपाय आहे, डिस्क इलास्टिकवर टांगायची. मी आईच्या शिवणाच्या डब्यातून दीड मीटर इलास्टिक मागितले.

“कशाला हवंय?”

“डिस्कला झोपाळा करायचाय.”

आईने निमूटपणे नाडी ओवण्याची पिनही दिली. डिस्क झोपाळ्यावर बसली आणि गाणे थांबले. स्क्रू सुटल्याने तिची उष्णता पेटीच्या पत्र्यात जाणे बंद झाले होते, म्हणून ती पंख्याच्या वाऱ्यात येईल अशी सरकवावी लागली.

एवढे झाल्यावर खोलीत संगणकाचा म्हणून काही आवाज उरला नाही. बाबांना मात्र कपाटाला कान लावून पाहिल्याशिवाय राहवले नाही. 600 फेऱ्या म्हणजे 70 हर्ट्‌झ. काळी एकचा खर्ज थोडा खाली, सव्वाएकोणसत्तरच्या आसपास आहे. “चढेपणा तेवढा राहिला,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पाहून मी रात्री अकरा वाजता बायोस उघडून पंखा 594 वर आणला. त्यानंतर आठवडाभर बाबांनी सगळ्या मैफिली समाधानाने ऐकल्या.

मग एप्रिल आला. छताचा पंखा पाचवर गेला आणि त्याच्या घरघरीत खालचा पंखा कोणालाही ऐकू येईनासा झाला, म्हणजे बाबा सोडून कोणालाही. खोली 36 अंशांवर गेल्यावर तो 1000 फेऱ्यांपर्यंत चढला होता. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले, थोडा वेळ कान दिला आणि स्वयंपाकघराकडे पाहत म्हणाले, “अगं, ऐकलंस का? काळी पाचला आलाय. तुझ्या पट्टीत.”

आतून कुकरची शिट्टी झाली. तिची पट्टी त्यांनी सांगितली नाही.