फक्त तीन हजार पावलं

काल सकाळी दोन तास बाहेर होतो आणि घड्याळाने हिशोब दिला, तीन हजार पावलं. मित्रांच्या ग्रुपवर एकाने लगेच विचारलं, "बसला होतास का रे?"

हो, बसलोच होतो. नदीकाठी, उकिडवा, चिखलातला एक पंजा बघत.

हिवाळ्यात पाणी ओसरलं की काठाला गाळाची पट्टी उघडी पडते, सायीसारखी गुळगुळीत. रात्री पाण्यावर जो येतो तो तिच्यावर सही करून जातो. कालच्या ठशात चार बोटं होती, मागे गादी, नखांची खूण नाही. कुत्रा किंवा कोल्हा असता तर बोटांपुढे नखांची टिंबं दिसली असती. मांजरकुळातले बहुतेक प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात. ठसा जेमतेम दोन बोटं रुंद. म्हणजे रानमांजर, नाहीतर सरळ कुणाच्या तरी घरची मनी. मी आपला रानमांजर धरून चाललोय.

रोज दहा हजार पावलं चालायचंच, हे खूळ आलं कुठून? 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा आधी नावात आला, त्यावरचं संशोधन मागाहून. चालण्याला माझी ना नाही, मैदानावर खुशाल मोजा. पण थंडीतली पायवाट आकड्यासाठी तुडवणं म्हणजे वाचनालयात जाऊन नुसते जिने चढून-उतरून परत येणं.

पावसाळ्यातलं रान देखणं असतं, मान्य. पण तेव्हा ते काही दाखवत नाही, सगळीकडे हिरवा पडदा. पानं झडली की कळतं, वर्षभर ज्या झाडाखालून गेलो त्याच्यावर तीन घरटी होती. टीचभर पक्षी पाचोळा उकरत असतो आणि आपल्याला वाटतं, आलं रानडुक्कर! थांबल्याशिवाय खरं काय ते कळत नाही.

थंडीचं म्हणाल तर मी उलटा क्रम लावतो. रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि नदीपाशी साचते, म्हणून पहाटे वरच्या रानापेक्षा काठावर जास्त बोचतं. तेव्हा आधी रान, मग ऊन खाली पोचलं की काठ. ही अक्कल सुती मोजे दवात भिजवून घेतल्यावर आली. ओलं सूत लवकर वाळत नाही, उलट अंगातली ऊब शोषतं. आता लोकरीचे घालतो. काठच्या ओल्या दगडांवर पाय देऊ नका. मी दिला होता, गुडघा अजून बोलतो. आणि बॅटरी जवळ ठेवा: सगळ्यात लहान दिवस 21-22 डिसेंबरला सरला, तरी आपल्याकडे सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीत.

माझ्या वाटेच्या शेवटच्या तुकड्यावर हल्ली फरश्या बसवल्यात, वर दिवेही. चालायला सोय झाली, नाकारत नाही. तिथे ठसा मात्र कुणाचाच उमटत नाही, आणि मलाही थांबावंसं वाटत नाही.

आज पुन्हा गेलो पंजा बघायला. त्याच्यावर बुटाचा ठसा होता, टाच चांगली खोल रुतलेली. कोण हा धसमुसळा म्हणून वाकून बघितलं, तर तळव्याची नक्षी ओळखीची निघाली. काल उठताना मीच पाय दिला होता.