टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे: ‘पाच सूत्रां’ना उत्तर

‘किचन-बाथरूम डिझाइनची पाच सूत्रं’ नावाचा मेसेज इंटिरियर डिझाइनच्या विद्यार्थ्यांमध्ये फिरतोय. तो माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिनं त्यातलं पहिलं सूत्र वर्गातल्या ड्रॉइंगमध्ये उतरवलंसुद्धा. म्हणून हे लिहावं लागतंय.

सूत्र पहिलं: ‘चांगली व्हिट्रिफाइड टाइल आणि एपॉक्सी ग्राउट वापरलं, की वॉटरप्रूफिंगचा खर्च वाचतो.’

पाचांत सगळ्यात घातक हेच. त्यात खरं आहे तेवढं आधी मान्य करते. या टाइलचं पाणी शोषण 0.5 टक्क्याच्या आत असतं आणि एपॉक्सी ग्राउट, म्हणजे टाइलमधले सांधे भरायचं रेझिनचं मिश्रण, सिमेंटच्या ग्राउटपेक्षा कितीतरी कमी पाणी पितं, डागही कमी धरतं. पण गळती टाइलच्या पोटातून होतच नाही, ती सांध्यांतून होते. 1.2 बाय 1.8 मीटरचं बाथरूम घ्या आणि 300 मिमीच्या टाइल लावा. मधले सांधे भरतात 11.4 मीटर, भिंतीलगतचा सांधा आणखी 6 मीटर. शिवाय ट्रॅपभोवतीची, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून निचरतं त्या तोंडाभोवतीची कड आणि पाइपांची भोकं. गरम पाण्यानं टाइल फुगते, स्लॅब किंचित हलतो, आणि कडक एपॉक्सी टाइलच्या कडेपासून केसाएवढं सुटतं. सगळ्यात आधी सुटतं ते भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात. तिथं ग्राउट भरायचंच नसतं, सिलिकॉन सीलंट भरायचं असतं.

आत गेलेलं पाणी बेडमध्ये, म्हणजे टाइलखालच्या सिमेंट-वाळूच्या थरात साचतं. टाइलला ढाळ असतो, खालच्या स्लॅबला बहुतेक वेळा नसतो, त्यामुळे ते ट्रॅपकडे जात नाही. वर एपॉक्सी असल्यामुळे सांध्यांतून सुकतही नाही. मग ओल दिसते ती भलतीकडेच: दाराच्या चौकटीचा खालचा भाग फुगतो, बाहेरच्या भिंतीचे पोपडे सुटतात, खालच्या मजल्याच्या छताला डाग पडतो.

घरातल्या ओल्या जागांच्या वॉटरप्रूफिंगसाठी ऑस्ट्रेलियाचं एएस 3740 हे स्वतंत्र मानक आहे आणि शॉवरच्या भिंतीला ते निदान 1800 मिमी उंचीपर्यंत वॉटरप्रूफिंग मागतं. नुसत्या टाइलनं भागलं असतं, तर हे मानक लिहायची वेळच आली नसती.

कामाचा क्रम असा. आधी पाइपांना प्रेशर टेस्ट. मग स्लॅबमधून जाणाऱ्या पाइपांभोवतीची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटनं ठासून भरायची. कोपऱ्यांना सिमेंटच्या मसाल्याची गोलाई द्यायची, कारण काटकोनात पडदा, म्हणजे वॉटरप्रूफिंगचा थर, ताणला जाऊन फाटतो. कोपऱ्यात आणि ट्रॅपच्या तोंडाशी फायबरची जाळी. मग वॉटरप्रूफिंगच्या लेपाचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. पडदा ट्रॅपच्या तोंडाच्या आत उतरला पाहिजे. तो काठाशीच थांबला, तर पाणी नेमकं तिथूनच खाली जातं.

पडदा सुकला की ट्रॅपला बूच मारून पाणी भरायचं आणि 24 ते 72 तास ठेवायचं. पातळीची रेघ भिंतीवर पेन्सिलनं मारा आणि शेजारी पाण्यानं भरलेली बादली ठेवून तिच्यातही रेघ मारा. दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं तर ते हवेत गेलं. फरशीवरचं जास्त उतरलं तर गळती आहे, टाइलवाल्याला थांबवा. यानंतरच ढाळाचा बेड, साधारण 1:80 (80 सेंमीत 1 सेंमी उतार), आणि मग टाइल.

एवढं करूनही पडदा फुटतो तो शेवटच्या दिवशी. कमोडचा स्क्रू टाइल आणि बेडच्या एकूण जाडीपेक्षा लांब असला, की त्यानं पडद्याला भोक पाडलंच. ड्रिल किती खोल न्यायचं ते ड्रॉइंगवर लिहा. सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये, पडदा वेगळी जाड रेघ म्हणून दिसू द्या, नाहीतर साइटवर तो कुणाच्याच कामात मोजला जात नाही.

सूत्र दुसरं: ‘सिंकखालचा ट्रॅप ड्रॉवरची जागा खातो, सरळ पाइप टाका, वास जाळी अडवते.’

जाळी केस आणि खरकटं अडवते. वायू अडवतं ते ट्रॅपच्या वळणात साचून राहणारं पाणी, निदान 50 मिमी उंचीचं. ते काढलंत तर गटाराची हवा थेट स्वयंपाकघरात येणार. लवचिक पाइपला हातानं वळण देणं हाही उपाय नव्हे. ते वळण ढळतं आणि पाइपच्या चुण्यांत चरबी बसते. जागाच हवी असेल तर ट्रॅप मागच्या भिंतीकडे न्या आणि वरच्या ड्रॉवरला मधोमध यू आकाराची खाच द्या. ड्रॉवर वाचतो, ट्रॅपही वाचतो.

सूत्र तिसरं: ‘वर्क ट्रँगल कालबाह्य झाला.’ वर्क ट्रँगल म्हणजे सिंक, शेगडी आणि फ्रिज यांना जोडणारा त्रिकोण. अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करते. ती मांडणी एकाच माणसाच्या स्वयंपाकासाठी होती; दोघं काम करणार असतील तर कामाचे झोन पाडणं बरं. पण म्हणून सिंक आणि शेगडी एकमेकांना चिकटवायची मोकळीक मिळत नाही. अमेरिकेच्या नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनचे आकडे आजही उपयोगी आहेत: त्रिकोणाची प्रत्येक बाजू 4 ते 9 फूट, बेरीज 26 फुटांच्या आत, आणि सिंकच्या एका बाजूला 24 तर दुसऱ्या बाजूला 18 इंच मोकळा ओटा.

सूत्र चौथं: ‘ओटा सगळ्यांसाठी 34 इंच.’ नाही. काम करणाऱ्याच्या कोपराची उंची मोजा आणि चिरण्याचा ओटा त्याच्या 10 ते 15 सेंमी खाली ठेवा. शेगडी त्याहून थोडी खाली, कारण वर भांड्याची उंची चढते. सिंक थोडं वर, कारण हात तळाशी काम करतात.

पाचवं, ‘डक्ट नसलेली चिमणी तितकीच चांगली.’ ती तेल आणि थोडा वास धरते. वाफ, उष्णता आणि गॅस जळून झालेले वायू खोलीतच परत सोडते. बाहेर भोक पाडता येत असेल, तर डक्टच टाका.