पेनच्या तलवारीची गोष्ट: खुलासा

परवा मीच टाकलेली पोस्ट बऱ्याच ग्रुपवर फिरतेय. विल्यम पेन (अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक) क्वेकर झाला (युद्ध न मानणारा ख्रिस्ती पंथ), कमरेची तलवार सोडू का असं त्यानं या पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्सला विचारलं, तर फॉक्स म्हणाला, जमेल तोवर बाळग. मला ती फार भिडली होती, पण नंतर शोधलं तर फॉक्सच्या रोजनिशीत ती नाही, पेनच्या लिखाणातही नाही, छापलेली सापडते ती थेट १८५२ च्या पेनचरित्रात, आणि पेन वारला १७१८ ला, त्यामुळे घडलेला प्रसंग म्हणून ती सांगता येत नाही.

संयमाचं नोंद असलेलं उदाहरण हवं तर अठराव्या शतकातला अमेरिकन क्वेकर जॉन वुलमन घ्या. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्याच घरी जायचा, शांतपणे बोलायचा, आणि निघताना आपलं काम केलेल्या गुलामांना पैसे द्यायचा, यजमानाला कितीही अवघड वाटलं तरी. वर्षानुवर्षं हेच, फळ येईल का याची खात्री नसताना. १७७२ ला तो इंग्लंडात यॉर्कला देवीच्या रोगानं गेला आणि फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेनं सभासदांना गुलाम ठेवायला बंदी केली ती १७७६ ला. त्याला ते बघायला मिळालं नाही, वाचून गलबलून आलं मला.

तलवारवाली पोस्ट प्लीज पुढे पाठवू नका, पाठवली असेल तिथे हा खुलासा टाका.